पाचव्या शीलाला मिटलेले ओठ

भिमाबाई मिशरी भाजायला बसली की आमच्या गल्लीतल्या शेळ्यासुद्धा ठसकायच्या. तंबाखूचा चुरा खापरावर टाकायचा, खाली काटक्यांचा मंद जाळ ठेवायचा आणि काळाभोर होईपर्यंत हलवत राहायचं. त्याचा धूर नाकात गेला की डोळ्यांतून पाणी येतं. पण कुणी तक्रार करत नसे, कारण गल्लीतल्या बहुतेक बाया तीच मिशरी दातांना लावायच्या. दुसऱ्या कुणी भाजली तर ती कच्ची राहायची नाही तर जळून जायची.

भिमाबाई माझी बायको. मी प्रेमानंद, पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, कोण चोरून दार उचलतं, ते बघायचं काम. माझी शाळा सातवीनंतर सुटली, तिची त्याच्याही आधी. अर्ज आणि पाणीपाळीच्या नोंदी सोडून मी काही लिहिलेलं नाही. हे नीट उतरेल की नाही, शंकाच आहे. पण तिच्याविषयी दुसरं कोण लिहिणार?

आम्ही तेरचे. इथं पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर खापरांना तोटा नाही. भिमाबाईचं मिशरीचं खापर तिथलंच, एका मोठ्या रांजणाचा तुकडा. तिनं ते लग्न होऊन आल्यावर पहिल्या पावसाळ्यात उचलून आणलं होतं. ते खापर, पत्र्याची एक डबी आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं काळं टोक, हे तिच्याबरोबर कायम असायचं. बोट कितीही घासलं तरी काळंच राहायचं.

तिचं माहेर भूमकडचं. तिसरीत असताना धाकटी भावंडं सांभाळायला तिला घरी ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात ती आईबरोबर खडी फोडायला जायची. दुपारी सरकारी खाऊ म्हणून सुकडी मिळायची, ती भिमाबाई धाकट्यांसाठी ओच्यात बांधून न्यायची आणि स्वतः रिकाम्या पोटी हातोडी चालवायची. एकदा भुकेनं रडायला लागली, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं तिच्या बोटावर चिमूटभर मिशरी ठेवली आणि म्हणाली, "दाताला लाव पोरी, पोटाला इसर पडतो." पहिल्या दिवशी तिला चक्कर येऊन ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच बोट पुढं केलं.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा आमची मुलं मोठी झाली होती. तोवर मी तिला या व्यसनावरून पुष्कळ बोलून घेतलं होतं.

मला स्वतःला सुपारीचंही व्यसन नाही. त्यामुळे मला बोलायला सोपं होतं. आम्ही दर पौर्णिमेला विहारात जातो. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. पुढचा माणूस एकेक शील म्हणतो आणि सगळे त्याच्या मागून म्हणतात. पाचवं शील नशेपासून लांब राहण्याचं. ते भिमाबाई सगळ्यात मोठ्यानं म्हणायची आणि घरी येऊन ओट्यावर डबी उघडायची. मी टोकलं की म्हणायची, "त्यात दारू हाय. मिशरी कुठं हाय? दाखवा मला." मला काही दाखवता यायचं नाही.

सकाळी पाणी भरून झालं की बाया आमच्या ओट्यावर जमायच्या. सगळ्यांत आधी गुलाबवहिनी. ती माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको, भाऊ गेल्यापासून एकटीच राहते, आणि जिभेला हाड नाही. मग बाकीच्या. प्रत्येकीच्या तोंडात बोट. बोलणं अर्धं नाकातून, हसणं तोंडावर पदर धरून. कुणाची सून रुसली, कुणाच्या म्हशीला काय झालं, सगळं तिथं निघायचं. मी त्या वेळी आत पेपर वाचत बसायचो. बायांच्या घोळक्यातून बाहेर जायला मला अजूनही अवघड वाटतं.

मागच्या वर्षी तिला भाकरीचा घास तिखट लागायला लागला. तोंड पुरतं उघडेना. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत होता. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर अजून नाही, पण मिशरी चालू राहिली तर इथंच होईल, आणि मग गाल कापावा लागेल. मिशरी पूर्ण बंद करा आणि काही महिन्यांनी दाखवायला या.

पुढच्या पौर्णिमेला विहारात पाचवं शील म्हणून झालं, तशी भिमाबाई उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासनं माझ्या पाचव्यात मिशरी बी." एवढं बोलून खाली बसली. डबी तिनं स्वतः तेरणा नदीत टाकली. खापर मात्र सरपणाच्या मागं ठेवून दिलं.

तिनं खरंच सोडली. त्या दिवसांत मी तिला पाहिलं आहे. ती कपाळ दाबून बसायची, ताटावरून उठून जायची, रिकामं बोट दातावर घासायची. त्यातून ती निभावली. पण भाजणं बंद झालं आणि बायांनी ओटा बदलला. त्या पलीकडच्या गल्लीत शांताक्काकडं बसायला लागल्या. शांताक्का शाळेत खिचडी शिजवते, तिच्याकडं मिशरी आयती दुकानातून आणलेली असते. भिमाबाई एकदोनदा तिथं जाऊन बसली, पण समोर सगळ्यांचं बोट तोंडात आणि हिचं रिकामं. मग जाईनाशी झाली. सकाळी ओट्यावर एकटीच बसायची. मला ते चांगलंच वाटलं. म्हटलं, संगत सुटली.

त्याच सुमारास धाराशिवहून वैदेही नावाची मुलगी आली. कॉलेजात शिकत होती. शाळा लवकर सुटलेल्या मोठ्या माणसांना व्यसनाबद्दल आणि आयुष्यातल्या समाधानाबद्दल विचारत फिरत होती. गल्लीत कुणाचाच तिच्यावर विश्वास बसला नाही. शांताक्कानं सगळ्यांना बजावलं, रेशनमधली नावं कमी करायला आलेली असणार, जपून बोला. कुणी म्हणालं, ही दारूच्या छाप्याची आधीची पाहणी आहे. गुलाबवहिनीनं काळं बोट पदराखाली लपवून सांगितलं की मी फक्त मीठ लावते.

आमच्याकडं आली तेव्हा तिनं आधी मला विचारलं, आयुष्याबद्दल समाधानी आहात का. मी लगेच हो म्हणालो. भिमाबाई तिला म्हणाली, "ह्यांना काय बी इचार, व्हयच म्हणत्यात. लगीन ठरलं तवा बी तसंच म्हणले हुते."

मग तिची पाळी आली. मिशरी लावत नाही, असं तिनं सांगितलं. आधी लावत होता का, या प्रश्नावर तिचे डोळे बारीक झाले.

"गावातल्या समद्याच लावत्यात. मी खरं सांगायलेय म्हणून माझंच नाव वर जाणार व्हय?"

"नाव कुठंच जाणार नाही, आजी. शेवटचा प्रश्न. एकूण आयुष्याबद्दल तुम्ही खूप समाधानी आहात, थोड्या आहात, की अजिबात नाही?"

भिमाबाईनं रिकाम्या ओट्याकडं पाहिलं.

"हे मिशरी सोडायच्या आदी इचारायचं हुतंस, बाई."

मुलीनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी मात्र ते वाक्य मनात धरून ठेवलं. माणूस असं बोलतो याचा अर्थ त्याचा जीव अजून मिशरीतच आहे, असं मला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भिमाबाई हसायला लागली. भाकरी थापताना गुणगुणायला लागली. गल्लीतल्या बातम्या तिला पुन्हा माझ्या आधी कळू लागल्या. आणि मला संशय आला.

हल्ली मी सकाळी नदीकडं फिरायला जातो. परत आलो की ओटा ओला असायचा, पाणी टाकून धुतलेला. पूर्वी ती ओटा नुसता झाडायची. मिशरीची थुंकी पडली की मात्र धुवावाच लागतो. एके दिवशी मी अर्ध्या वाटेतून परत फिरलो. ओट्यावर कुणी नव्हतं, पण भाजल्याचा वास हवेत होता. मी विचारलं तर म्हणाली, शांताक्काकडून येत असेल. शांताक्का विकतची आणते, भाजत नाही, हे मला माहीत होतं. ती आत गेल्यावर मी सरपणामागं हात घातला. खापर गरम होतं.

तेव्हाच तिला विचारायला हवं होतं. पण तोंडावर विचारायचा माझा स्वभाव नाही. पाण्याची चोरी पकडायलासुद्धा मी आडवाटेनं जायचो, दार उचललेलं बघायचो आणि गुपचूप खाली करून परत यायचो. तसंच इथंही केलं. तिचं बोट बघायचो. काळं होतं, पण ते तर कायमच काळं. तिच्या पदराचा वास घ्यायचो. वास होता. ती बोलताना दातांकडं बघायचो. तिला ते कळत असणार, कारण ती माझ्यासमोर पदर तोंडाशी धरू लागली. त्यानं माझा संशय आणखी वाढला.

मग पौर्णिमा आली. आम्ही विहारात बसलो. मी पुरुषांच्या कडेला होतो, तिथून ती दिसत होती. पहिली चार शीलं तिनं सगळ्यांबरोबर म्हटली. पाचवं आलं आणि तिचे ओठ मिटले. हात जोडलेले, डोळे समोर मूर्तीकडं, पण ओठ बंद. सगळ्यांचं म्हणून झालं. ती तशीच.

मला दुसरा पुरावा नको होता. आयुष्यभर जे ती सगळ्यात मोठ्यानं म्हणाली, ते आज म्हणता येत नाही, कारण ती बुद्धासमोर खोटं बोलणार नाही. माझ्याशी बोलेल. घरी आल्यावर मी तिच्या गालाकडं बघत राहिलो आणि डॉक्टर कुठून कुठपर्यंत कापतील याचा विचार करत राहिलो. मला भीती वाटत होती. आता ती भीती म्हणून आठवते, तेव्हा मात्र राग वाटत होता.

बाया पुन्हा ओट्यावर येत असणार आणि त्यांच्या संगतीनं ही लावत असणार, असं धरून दुसऱ्या दिवशी मी गुलाबवहिनीच्या दारात गेलो. ती धान्य निवडायला बसली होती. मला बघून म्हणाली, "आज सूर्व्य कुणीकडं उगवला भावजी? वाट चुकला काय?"

मी खाली बघत म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं आहे, तिच्याजवळ बायांना बसू देऊ नका.

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं.

वहिनीनं तोंडातलं बोट बाहेर काढलं. "का? लागट हाय का काय ते?"

नाही, असं म्हणायला एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं की तिचा पुढचा प्रश्न आला असता, मग कशाला बसायचं नाही. मी म्हणालो, "जपलेलं बरं, वहिनी." आणि निघून आलो.

दुसऱ्या सकाळपासून ओटा कोरडा. खापर थंड. माझा उपाय लागू पडला म्हणून मी दोन दिवस खूश होतो. भिमाबाईचं गुणगुणणं पुन्हा बंद झालं. गल्लीत एक बारसं झालं, तिथून ती लवकर परत आली आणि जेवली नाही. मी समजलो, मिशरीवाचून जीव कासावीस झाला असेल.

सोलापूरला दाखवायचा दिवस आला. डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल पाहिला, हिरड्या पाहिल्या, बोटानं दाबून पाहिलं. तोंड आता पूर्वीपेक्षा जास्त उघडत होतं. चट्टा फिका पडला होता. डॉक्टर मला म्हणाले, "आजोबा, यांनी खरोखर सोडली आहे. नाही तर तोंड असं दिसलं नसतं. बरेच लोक आम्हाला सांगतात एक आणि करतात एक." मी मान हलवली. पण मनात तेच चालू होतं, की मग खापर गरम कसं?

परतीच्या एसटीत तुळजापूरला यात्रेकरू उतरले आणि आम्हाला बसायला जागा मिळाली. गाडी घाट उतरून पुढं आली तशी भिमाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डॉक्टरला का इचारलं न्हाय?"

"काय?"

"खापराला हात लावून बघितलाव. पदर हुंगलाव. मग डॉक्टरला बी इचारायचं की, ही चोरून लावती का म्हणून."

मग तिनं सगळं सांगितलं, अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं. बाया शांताक्काकडं जायला लागल्या तेव्हा तिला घर खायला उठलं. शाळा सुटल्यापासून तिला मैत्रिणी मिळाल्या त्या मिशरीच्या बोटावरच, खडीवर, शेतात, ओट्यावर. एके दिवशी तिनं गुलाबवहिनीला सांगितलं, मी भाजून देते, तुम्ही इथं येऊन लावा. मी फिरायला गेलो की ती खापर चुलीवर ठेवायची. बाया यायच्या, बसायच्या, मी परत यायच्या आत उठून जायच्या. ती ओटा धुऊन टाकायची. स्वतः चिमूटभरही लावली नाही.

"मग विहारात पाचवं का म्हणाली नाहीस?"

"खापर माझं, जाळ माझा, हात माझा. माझ्या तोंडात न्हाय, त्यांच्या तोंडात घातली. मग पाचवं कोणत्या तोंडानं म्हणू?"

पुढं बोलताना तिचा आवाज बदलला.

"आता म्हणायला मोकळी झाले म्हणा. कुणी येतच न्हाय. बारशाला समद्यांना कपात च्या आन मला कागदाच्या गिलासात. पाणी मागितलं तर गुलाबीनं वरनं वतलं, माझ्या वंजळीत. ल्हानपणी हिरीवर आसं पाणी प्याले मी. ती लोकं येगळी हुती. ही तर माझी जाऊ हाय. मी काय केलं आसंल वो?"

मला ठाऊक होतं तिनं काय केलं ते. काहीच नाही. पण मी धाराशिवपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिलो आणि तिथून तेरची गाडी मिळेपर्यंत पाण्याची बाटली आणायच्या निमित्तानं तिच्यापासून लांब फिरत राहिलो.

पुढच्या पौर्णिमेला विहारात भिमाबाई एका कडेला बसली होती. तिच्या आणि दुसऱ्या बाईच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. शीलं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं मी म्हटलं. चौथं खोटं बोलण्यापासून लांब राहण्याचं. त्याला मी ओठ मिटले. पाचव्याला मात्र तिचा आवाज ऐकू आला, पूर्वीसारखा सगळ्यांत मोठा. तो मला सहन झाला नाही.

घरी येताना तिनं विचारलं, "चौथ्याला खोकला आलता का?"

ती माझ्याकडं बघत होती, मी तिच्या दातांकडं बघायचो तशी. मी चालता चालता सांगून टाकलं. वहिनीच्या दारात काय बोललो आणि काय बोललो नाही, दोन्ही.

ती थांबली नाही. चालतच राहिली. दारात आल्यावर कुलूप काढलं, दिवा लावला आणि म्हणाली, "उद्या नळाला पाणी येतं तवा जावा. समद्या आसत्यात तिथं. वहिनीच्या कानात न्हाय सांगायचं."

नळावर बायांच्या रांगेपुढं उभं राहणं माझ्यासाठी काय आहे, ते तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं ते सांगितलं असणार.

मी गेलो. घागरी खडखडत होत्या. सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या, त्यामुळे आणखीच अवघड झालं. मी नळाकडं बघूनच बोललो. हिला लागट काही नाही, डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही, ते मी माझ्या मनानं बोललो, कारण मला तिचा संशय होता. घागर भरून वाहायला लागली तरी कुणी बाजूला केली नाही.

शेवटी गुलाबवहिनी बोलली, "जल्मात तोंड उघडलं न्हाय भावजी तुमी. उघडलं ते माझ्या दारात येऊन आसलं बोलायला?"

शांताक्का म्हणाली, आज खरं बोलताय हे तरी कशावरून? बायको सांगून पाठवते, नवरा बोलतो. एकदोघींनी माना हलवल्या. सोलापूरचा कागद घरी होता, पण तो इंग्रजीत, आणि त्या बायांनी माझ्यासारख्यानं वाचून दाखवलेल्या कागदावर तरी का विश्वास ठेवावा?

त्या सकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. भिमाबाई ओटा झाडून तिथंच बसून राहायची. मी फिरायला गेलो नाही, आत बसून राहिलो.

मग एका सकाळी गुलाबवहिनी आली. ओट्यापाशी उभी राहिली, बसली नाही. तोंडात बोट होतं. तिच्या हातची मिशरी जळकी असते, वासावरूनच कळत होतं. भिमाबाईनं नाक मुरडलं.

"जाळ जास्त झाला तुझा."

"मग तू भाजून दे की."

"मी न्हाय देणार आता. मला पाचवं म्हणायचंय."

वहिनी मोरीवर गेली. तोंड खळखळून धुतलं, बोट धुतलं आणि ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "पाणी दे."

भिमाबाईनं तांब्या भरून आणला, भांडं आणलं नाही. तांब्या पुढं धरला आणि हात मागं घेतला नाही. वहिनीनं तिच्याकडं पाहिलं, आत माझ्याकडं पाहिलं, आणि तांब्याला तोंड लावून घटाघट प्याली. राहिलेलं पाणी भिमाबाई त्याच तांब्याला तोंड लावून प्याली.

आता तिघी-चौघी येतात. शांताक्का येत नाही, तिला अजून खात्री नाही. आलेल्या घरूनच मिशरी लावून येतात, इथं तोंड धुतात आणि बसतात. एक-दोघींनी कमी केली असं म्हणतात, मी त्यावर पैज लावणार नाही. खापर सरपणामागंच आहे.

आणि मी? डॉक्टरांनी सांगितलं, तिनं सांगितलं, तिचं पाचवं मी दर पौर्णिमेला ऐकतो. तरी सकाळी चहा घेताना माझी नजर तिच्या डाव्या हाताच्या बोटाकडं जाते. तिथला काळेपणा कमी झाला आहे, पण पुरता गेलेला नाही. तिला माझी नजर कळते. ती बोट माझ्या नाकासमोर धरते. त्याला बेसनाचा किंवा कांद्याचा वास येतो. मी मान हलवली की ती बोट काढून घेते आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसते.